टाकी हलणार नाही

४ नोव्हेंबर

सकाळी बेल वाजली. दारात पेंटर. कपड्यांवर सगळ्या गावच्या भिंती सांडलेल्या, कानावर पेन्सिल. म्हणाला, "मोठ्या ताई तुम्हीच ना? पलीकडच्या धाकट्या ताईंनी पाठवलंय."

पलीकडची म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. आम्हा दोघींच्या घरांमध्ये एक भिंत, भिंतीत एक दार, आणि त्या दारातून चार वर्षांत तिने एक शब्द पाठवलेला नाही. आज माणूस पाठवला.

"त्यांच्याकडे रंगकाम काढलंय," पेंटर म्हणाला. "मधल्या खोलीपासून सुरुवात. तर ती दारातली माशांची टाकी तेवढी काढून घ्या म्हणाल्या."

"काढून कुठे ठेवायची?"

"ते नाही बोलल्या. काढून घ्या, एवढंच."

"मग त्यांना सांगा, टाकी हलणार नाही."

तो हसला. माझ्या चेहऱ्याकडे बघितल्यावर थांबला. "ताई, मासेच आहेत ना? दोन दिवस बादलीत ठेवा. त्यांना कुठे नाक असतं?"

मी दार लावून घेतलं. मग पुन्हा उघडलं आणि जिन्यात वाकून ओरडले, "नाक असतं! आणि हलणार नाही!"

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून बघितलं. बघू दे.

५ नोव्हेंबर

लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच हट्टाला पेटली.

घर आईबाबांचं, एकाच मजल्यावर, आगगाडीसारखं लांब. पुढच्या जिन्याने माझ्याकडे येता येतं, मागच्या जिन्याने धाकटीकडे. तिचा नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन इथे राहायला आली, तेव्हा मधल्या दाराची फळी आम्ही काढूनच टाकली होती. सारखं येणंजाणं, उघडझाप कोण करणार. मग आई अंथरुणाला खिळली. मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर, पाळ्या सांभाळत. धाकटी घरी. आई गेली त्या आठवड्यात ती मला म्हणाली, "तू जन्मभर फोन उचललेस. आईला मी उचललं."

मी काय म्हटलं ते लिहीत नाही. तेही काही कमी नव्हतं.

त्यानंतर ते उघडं दार दोघींनाही नको झालं. भिंत घालायची तर विटा कोणाच्या बाजूने, यावर अडलं. तेव्हा निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलेली माझी टाकी मी लोखंडी स्टँडसकट थेट दारात बसवली. चौकटीत अशी बसली की मापाने करून घेतल्यासारखी. खाली प्लायवुड ठोकलं, वर हात आणि बादली जाईल एवढी जागा, तिला दोन्हीकडून पडदे. भाचीने, म्हणजे धाकटीच्या मुलीने, मध्यस्थी करून ठरवून दिलं: दाणे आणि पाणी मावशीचं, वीज आईची, म्हणजे धाकटीची. कारण पंपाचं बटण तिच्या भिंतीवर आहे.

धाकटीने तिच्या बाजूच्या काचेला निळा कागद चिकटवला, माझं तोंड दिसायला नको म्हणून. गेल्या वर्षी भाची नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, त्या सुमाराला तो कागद निघाला. गोंद वाळला असेल. परत लावायचे कष्ट बाईसाहेबांनी घेतले नाहीत. पहिल्यापासूनच आळशी.

टाकीत पाचजण. हेडमास्तर, म्हणजे गाल फुगवून फिरणारा मोठा गोल्डफिश. त्याच्यामागे शेपट्या हलवत जाणाऱ्या दोघी. काळा कोळसा, सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात खादाड. आणि काचेला तोंड चिकटवून शेवाळ साफ करणारी झाडूवाली. हल्ली पाणी लवकर गढुळतंय आणि सगळ्यांच्या पोटांचे नगारे झालेत. दाण्यांची कंपनी बदलायला हवी. घालते तर चिमूटभरच.

या पाचजणांना बादलीत टाकायचं? तिच्या भिंती गोऱ्या व्हाव्यात म्हणून?

७ नोव्हेंबर

टाकी जिथून घेतली त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याकडे आणून ठेवा, आठवडाभर सांभाळतो." त्याच्या दुकानातले निम्मे मासे उताणे असतात. नको म्हटलं.

मग मीच बसून विचार केला. टेलिफोन बोर्डवर एक गोष्ट शिकले: कोणती तार कुठून निघते आणि कुठे जाते हे बघायचं, बाकी घाबरायचं कारण नाही. पंप पाण्यात बुडबुडे सोडतो. ती हवा तो ओढतो कुठून? धाकटीच्या खोलीतून. म्हणजे तिच्या भिंतीचा वास नळीवाटे थेट माझ्या माशांच्या पाण्यात. काचेवर कितीही झाकणं घाला, चोर तर नळीतून आत येतो!

पेंटरला बोलावून निरोप दिला. तो पेन्सिल काढून हातावर लिहून घेत होता.

"त्यांना सांगा, रंग लावायचा तर पाण्यात कालवायचा लावा, बिनवासाचा. ऑइलपेंटचा डबा त्या खोलीत दिसता कामा नये. थिनर, टर्पेंटाइन, काही नाही. भिंत घासायची तर ओली करून घासा, धूळ उडली नाही पाहिजे. फवारा मारायचा नाही, रोलर फिरवायचा. टाकीवर प्लास्टिक मी माझ्या हाताने घालीन, कडेने फट ठेवून. आणि पंप खोलीत नाही ठेवायचा. लांब नळी मी देते. पंप मागच्या गॅलरीत, मोकळ्या हवेत. बटणही तिथलंच लावा."

"त्यापेक्षा ताई," पेंटर म्हणाला, "तुमच्याकडून एक वायर ओढली तर? पंप तुमच्या बाजूला. भानगडच नाही."

"वीज त्यांनी द्यायची असं ठरलंय."

"ते झालं, पण..."

"मी वायर ओढणार नाही."

त्याने हातावर तेही लिहून घेतलं. का, कोण जाणे.

८ नोव्हेंबर

उत्तर आलं. सगळं मान्य! नळी, गॅलरी, बिनवासाचा रंग, सगळं. मी भांडणाची एवढी तयारी करून बसले होते, ती वाया गेली. पण शेवटी शेपूट आहेच. "तरीपण टाकी दारातून बाजूला घेतली तर बरं होईल, असं म्हणाल्या. भिंतीशी कुठेही. त्यांच्याकडे जागा आहे म्हणाल्या."

त्यांच्याकडे जागा आहे! म्हणजे मासेही गिळायचे.

बोलता बोलता पेंटरने टेप काढून चौकटीची उंची-रुंदी मोजली.

"हे कशाला?"

"मोजून ठेव म्हणाल्या."

आत्ता कळलं. विटा. चार वर्षांपूर्वी अडलेली भिंत आता रंगाच्या निमित्ताने उरकून घ्यायची. टाकी एकदा हलली की दुसऱ्या दिवशी तिथे गवंडी उभा. मी काही दुधखुळी नाही.

तिला माझ्या माशांचं काही पडलेलं नाही हे मला मार्चमध्येच कळलं होतं. मी न्हाणीघरात घसरले, गुडघ्यावर पडले, काही वेळ उठताच येईना. तर नेमकी तेव्हाच ही बया पलीकडून टाकीची काच बडवत होती. धाड धाड. मासे बिचारे कोपऱ्यात गोळा. मी इथे फरशीवर आणि हिला काच बडवायचं सुचतंय. वर कोणीतरी पुढची बेलही वाजवून वाजवून गेलं. मी भिंतीला धरून उठून दारापर्यंत पोचले तर जिन्यात कोणी नाही. कोणी विक्रेता असेल.

टाकी हलणार नाही.

१० नोव्हेंबर

भाचीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "मावशी, गुडघा कसा आहे?"

"तुला गुडघ्याचं कोणी सांगितलं?"

"तूच नाही का म्हणालीस मागे?"

मी म्हणाले नव्हते. मी कोणालाच म्हणाले नाही. पण हल्लीची मुलं चार कामं एकदम करतात, कोणाचं काय ऐकलं ते लक्षात राहत नाही. "ठणठणीत," म्हटलं.

"रात्री दाराला आतून कडी लावतेस?"

"मग काय उघडं टाकून झोपू?"

"तसं नाही गं." आणि मग एकदम, "मावशी, तू आणि आई ना, दोघी अगदी सारख्या आहात."

एवढा अपमान मी नोकरीतही सहन केला नव्हता. फोन ठेवून दिला.

११ नोव्हेंबर

काम सुरू झालं. मी खुर्ची टाकून टाकीसमोर बसले, पहाऱ्याला. प्लास्टिक माझ्या हाताने घातलं, दोन बाजूंनी बोटभर फट ठेवली. पाण्यातून पलीकडचं सगळं हलतं दिसतं. पेंटर ओल्या पॉलिशपेपरने भिंत घासतोय, पांढरं पाणी खाली ओघळतंय. शब्द पाळला म्हणायचा. गॅलरीतून येणाऱ्या नळीतून बुडबुडे अगदी व्यवस्थित.

दुपारी मी जेवून परत आले आणि प्लास्टिक वर करून दाणे घालायला गेले तर पलीकडून पेंटर म्हणतो, "आता कशाला ताई? धाकट्या ताईंनी आत्ताच घातले की."

"काय घातले?"

"दाणे. रोज घालतात ना त्या? डबा इथेच असतो, खिडकीत."

मी खुर्चीवर बसले ती बसलेच. रोज! तरीच पोटांचे नगारे. तरीच पाणी गढूळ. म्हणजे गेलं वर्षभर माझ्या पाठीमागे ही माझ्या माशांना फितवतेय. हेडमास्तर हल्ली तिच्या बाजूला तोंड करून का उभा असतो, ते आत्ता कळलं. मला वाटायचं उजेडाकडे बघतो.

"त्यांना सांगा, दाणे माझं खातं आहे!"

पेंटर शिडीवरून म्हणाला, "ताई, त्या इथेच कडेला उभ्या आहेत. ऐकलं त्यांनी."

१२ नोव्हेंबर

पहिला हात मारून झाला. रंग हिरवट, फिका, दवाखान्यासारखा. तिला रंगातलं कधीच काही कळलं नाही. मासे मजेत. डोळे चुरचुरले नाहीत, वास नाही. माझी पद्धत बरोबर ठरली, हे कोणी कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहिते.

धाकटीने आज दाणे घातले नाहीत. खिडकीतला डबा दिसत नाही. जिंकले.

हेडमास्तर दिवसभर तिच्या बाजूच्या काचेशी घुटमळत होता.

१४ नोव्हेंबर

बाही अजून ओली आहे, पण आत्ताच लिहिते.

सकाळी डॉक्टरकडे गेले होते. गुडघा. कोणाला सांगितलं नव्हतं. गर्दी होती, यायला दुपार उलटली. जिन्यातच वास आला. ओळखीचा, डोक्यात जाणारा. थिनर.

कुलूप उघडून धावले. धावले म्हणजे गुडघ्याने जेवढं धावू दिलं तेवढं. आणि टाकीपाशी बघते तर पलीकडे धाकटी. स्टुलावर चढलेली, कोपरापर्यंत बाही भिजलेली, केस सुटलेले. प्लास्टिक ओरबाडून फेकलेलं. हातातल्या मगाने टाकीतलंच पाणी उपसून वरून परत ओततेय, धबाधबा, जेवढ्या उंचावरून हात पुरेल तेवढ्या उंचावरून. बुडबुडे बंद. हेडमास्तर आणि त्या दोघी वर पाण्याच्या कडेला तोंडं काढून आ वासतायत. झाडूवाली काच सोडून तळाला. कोळसा आडवा.

धाकटीने मला बघितलं आणि ओरडली, "ताई, बादली!"

चार वर्षांनी बोलली ती हे.

मी काम सुरू झाल्यापासून स्वयंपाकघरात पाण्याच्या बादल्या भरून शिळ्या करत ठेवल्या होत्या, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून. एक आणली. ती तिकडून टाकीतलं पाणी उपसून तिच्या बादलीत टाकत होती, मी इकडून ताजं ओतत होते. मध्येच ती, "हळू! अंगावर नको ओतू त्यांच्या!" आणि मी, "मला शिकवू नकोस!" आणि दोघींचे हात काही थांबत नव्हते.

"पंप का बंद आहे?"

"त्याने मेन बंद केलं! बटणांच्या पट्ट्या काढायला! मी खाली दुकानात गेले होते, परत येते तर हे!"

"पंप दे इकडे!"

ती गॅलरीत पळाली, पंप नळीसकट ओढून आणला आणि टाकीच्या वरून माझ्या हातात दिला. मी स्वयंपाकघरातून लांब वायर ओढली. याला हार म्हणत नाहीत, याला प्रसंग म्हणतात. पंप माझ्या पुढच्या खिडकीत ठेवला, तिथली हवा स्वच्छ होती. बुडबुडे सुरू झाले. तिने तिकडच्या खिडक्या सताड उघडल्या, पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायला गेली, तर वीजच नाही. तेव्हा जिन्यातून पेंटर आला, हातात पाव.

झालं होतं असं. धाकटी खाली गेली आणि याला वाटलं, तेवढ्यात खिडकीच्या गजांना ऑइलपेंटचा हात मारून घ्यावा. गजांना दुसरा रंग टिकत नाही म्हणे. मग आपल्याच अकलेने, माशांना वास लागू नये म्हणून, टाकीवरचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून टाकलं. फटीसकट. मेन बंद केलं आणि जेवायला गेला. माशांचं भलं करायला गेला आणि पेटीत कोंडून ठेवलं.

धाकटी त्याला जे बोलली ते मला लिहिता येणार नाही. एवढे शब्द तिला येतात हे मला माहीत नव्हतं. मी मध्ये पडले नाही. उलट एक-दोन मीही पुरवले.

संध्याकाळपर्यंत हेडमास्तर खाली उतरला. मग त्या दोघी. झाडूवाली परत काचेला लागली.

कोळसा गेला.

१५ नोव्हेंबर

सकाळी पडदा सरकवला तर तिच्या बाजूचाही पडदा सरकलेला. टाकीवरच्या फटीतून तिचे फक्त डोळे दिसत होते. सुजलेले. मासा माझा गेला आणि डोळे तिचे सुजले.

मला वाटलं, माफी मागेल. तर म्हणते, "मी आधीच सांगितलं होतं, टाकी दारातून काढ म्हणून. ऐकलं असतंस तर तो वाचला असता."

"काढली असती तर तू भिंत घातली असतीस!"

"कसली भिंत?"

"चौकट मोजायला माणूस पाठवलास. मला काय कळत नाही?"

"दाराची फळी करायची होती मला! सुतार माप मागत होता. दार, ताई. उघडता येणारं दार." मग तिचा आवाज फाटला. "तू मार्चमध्ये पडलीस तेव्हा मी इथे उभी होते. मी ऐकलं तुला पडताना. हाका मारल्या. काच बडवली. तू उत्तर देईनास. मागच्या जिन्याने खाली उतरून पुढच्या जिन्याने वर आले, बेल वाजवत राहिले, तर तुझी आतून कडी. मध्ये ही पाण्याची पेटी. फोडावी असं वाटलं होतं मला. हातात वरवंटा घेतला होता."

"मग बेल वाजवून पळालीस का?"

"तुझी पावलं ऐकली. भिंतीला धरून येत होतीस. उठलीस म्हणजे झालं. तुझं तोंड बघायला मी नव्हते आले."

चौकशी करायची तर नीट बोलून करावी. पेंटरच्या तोंडून "टाकी काढून घ्या" असा हुकूम कशाला? तेच म्हटलं तिला.

"तू जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिलीस," ती म्हणाली, "आणि मी तुझ्याशी बोलायचं तर पेंटर लागतो, त्यात माझी चूक?"

"तुझीच."

"आणि आईच्या वेळचं?"

"तीही तुझी."

"बरं," ती म्हणाली आणि पडदा ओढला. मग परत उघडला. "तुझीही होती."

पडदा आधी तिने ओढला होता, म्हणून या वेळी मी ओढला.

१६ नोव्हेंबर

मला कोणाच्या पहाऱ्याची गरज नाही. मी स्वतःची स्वतः उठले होते. आणखी शंभर वेळा पडले तरी उठेन. हे तिला स्पष्ट सांगायला हवं.

डॉक्टरने काठी वापरायला सांगितलंय. वापरणार नाही.

१८ नोव्हेंबर

मी निर्णय घेतला. मी घेतला, हे महत्त्वाचं.

टाकी दारात ठेवणं माशांच्या दृष्टीने चूक आहे. दोन खोल्यांचे दोन वास, दोन पंखे, दोन माणसं दोन बाजूंनी दाणे घालणार. शिवाय माझ्या बाजूला बटण नाही आणि ती वायर रोज पायात येते. कालच अडखळले. तेव्हा टाकी भिंतीशी हवी, बटणापाशी हवी. बटण तिच्या भिंतीवर आहे, त्याला मी काय करू?

फटीतून हाक मारली. "ए! खोलीचा वास गेला का?"

"परवाच गेला. गज त्याने खरवडून काढलेत. खिडक्या दिवसरात्र उघड्या आहेत. का?"

"टाकी मी हलवतेय."

मग ती हळूच म्हणाली, "बरं."

"तू म्हणालीस म्हणून नाही."

"नाहीच मुळी."

"भिंतीपासून हातभर लांब राहील. आणि कशी हलवायची ते मी सांगणार, तू मध्ये बोलायचं नाही."

ती मध्ये बोललीच. मी म्हणत होते आधी मासे काढायचे, ती म्हणत होती आधी पाणी. शेवटी निम्मं जुनं पाणी बादल्यांत भरून ठेवलं, त्याच पाण्यात मासे सोडले, वर ओलं फडकं आणि पंपाची नळी आत. खडे होते तसे राहू दिले, तळाशी चार बोटं पाणी. मग प्लायवुड काढायचं होतं. चार वर्षांपूर्वी मी ठोकलेले खिळे असे बसलेले की पेंटर आणि धाकटी दोघं मिळून ओढत होते. "कोणी ठोकलेत हे?" पेंटर म्हणाला. मी म्हटलं, "मी. आणि चांगले ठोकलेत."

टाकी आधी माझ्या बाजूला खाली उतरवली, स्टँड पलीकडे नेऊन ठेवला, मग पेंटरने आणि धाकटीने टाकी उचलली. मी उचलणार होते, तर धाकटी म्हणाली, "तू पुढे चालून रस्ता दाखव." रस्ता म्हणजे आठ पावलं. तरी दाखवला. तिच्या खोलीत चार वर्षांनी पाय ठेवला तो असा, उलटा चालत, दोन्ही हात पुढे धरून, "सावकाश, सावकाश" म्हणत. आईचं कपाट अजून तिथेच आहे. खिडकीतून पलीकडच्या छपराचे पत्रे दिसतात, ते विसरलेच होते. रंग जवळून बघितला. दवाखान्यासारखा नाही. पाण्यातून तसा दिसत होता.

मासे परत सोडले. हेडमास्तर चारी काचांना तोंड लावून आला, मग मध्ये येऊन गाल फुगवून उभा राहिला. त्याला काही फरक पडलेला दिसला नाही. बाकीच्यांनाही नाही. झाडूवाली तर लगेच कामाला.

मोकळ्या चौकटीतून वारा माझ्या खोलीत आला आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं.

"सकाळचे दाणे तुझे, संध्याकाळचे माझे," धाकटी म्हणाली.

"दोन्ही माझे."

"माझ्या खोलीत येऊन?"

"येणारच. विचारून येणार नाही, आधीच सांगते. मासे माझे आहेत. दिवसातून दोनदा येणार, पाणी बदलायच्या दिवशी जास्त. बेलबिल वाजवणार नाही."

"ये की," ती म्हणाली. "मी कुठे नको म्हणतेय?"

मला वाटलं होतं भांडेल. पण हा हक्क मी असा मिळवला, बोलून, ताठ मानेने.

२० नोव्हेंबर

सुताराला फळी नको म्हणून सांगितलं. धाकटीने सांगितलं, पण विचार माझा होता. कडी कोणाच्या बाजूने, यावर परत अडणार, त्यापेक्षा फळीच नको.

माझ्याही खोलीला रंग लावून घ्यायचा ठरलं. पंप आता आळीपाळीने, ज्या बाजूला काम नाही त्या बाजूच्या खिडकीत. पेंटरला नियम तोंडपाठ झालेत. बिनवासाच्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडून आधी माझ्या नाकाशी धरतो, मग धाकटीच्या, मग ब्रश बुडवतो. मेन बंद करायचं झालं की जिन्यातून ओरडतो, "बंद करतोय हो!" आणि आम्ही दोघी पंपापाशी जाऊन उभ्या राहतो, मग धरून.

चौकट कोणत्या रंगाची, यावर काल दुपारपासून भांडण. मी पांढरी म्हणते, ती बदामी. चार वर्षांत एवढं मोठ्याने भांडलो नव्हतो. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक ना. धाकटी म्हणाली, "ठीक आहे, तुम्ही जा." मी म्हटलं, "अजून संपलेलं नाही, तुम्ही जा."

शेवटी पेंटरने कंटाळून माझ्याकडची बाजू पांढरी केली, तिच्याकडची बदामी, आणि मधली जाडी कोणाची हे विचारायची हिंमत न झाल्याने तशीच ठेवली. ती आता मी रंगवणार. पांढरी.

संध्याकाळचे दाणे घालायला निघाले. धाकटी टाकीपाशीच उभी होती, मूठ बंद करून. मुठीत काय होतं ते मला माहीत आहे.

"चौकटीला हात लावू नकोस," ती म्हणाली. "ओली आहे."

गुडघा सकाळपासून ठणकत होता. पण तिने सांगितलं म्हणून नाही, आणि गुडघ्यासाठीही नाही. मला लावायचा होता म्हणून मी हात चांगला दाबून लावला, चौकटीचा आधार घेतला, आणि आत गेले.